आंबेघोळच्या गाडीतली मोजणी

शैलजा भोपळे गाडीतली डोकी मोजायची, ती ‘एक’पासून नाही. ‘लाभ’पासून.

तिचे वडील खळ्यावर धान्य मापायचे. पहिल्या मापाला ते ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणायचे, मग दोन, मग तीन. लहानपणी हे इतकं कानावर पडलेलं, की वाहक म्हणून कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी, भरलेल्या गाडीत मागून पुढे मोजत येताना तिच्या तोंडून आपसूक ‘लाभ’ निघालं. मागच्या बाकावरचे हिंदुराव तात्या तेव्हा तरणेबांड होते. मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, “बाई, मी काय जोंधळा हाय व्हय?”

त्याला एकतीस वर्षं झाली. तात्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. तिकिटांचा पत्र्याचा ट्रे गेला, त्यावर टकटक वाजवायचा तो चिमटाही गेला. तात्या मात्र अजून त्याच बाकावर बसत आणि शैलजाची मोजणी अजून त्यांच्यापासूनच सुरू होई. या एकतीस वर्षांत तिची मोजणी एकदाही चुकली नव्हती. जत्रेच्या दिवशी नाही की परीक्षेच्या दिवसांत पोरं दारात लोंबकळत असतानाही नाही. तिला बाकी कसला गर्व नव्हता, याचा होता.

आणि आता तोच तिच्या मुळावर आला होता.

गाडीला चालक नव्हता. तीन वर्षांपूर्वी वेदगंगेच्या काठानं तालुक्याला जाणाऱ्या सगळ्या गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या. सुरुवातीला बायका देवाचं नाव घेत चढायच्या, पुढे महिन्याभरात डुलक्या काढू लागल्या. पण कायदा करणाऱ्यांनी एक गोष्ट घातली होती. कलम एकोणीस: बिनचालकाच्या प्रत्येक सार्वजनिक बसमध्ये बिल्ला असलेला एक वाहक हवाच, आणि त्यानं स्वतःच्या हातानं दोन घंटा दिल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही.

त्याच कलमाला एक शेपूट होतं. गाडीत ‘स्पंद’ नावाचं यंत्र बसवलेलं. लोकांना कॅमेरे नको होते. आपण कुणाशेजारी बसलो, कुठं उतरलो, हे कुणी बघत बसावं हे कुणालाच पसंत नव्हतं. म्हणून चेहरे न बघता माणसं मोजणारं यंत्र काढलं. छताला बसवलेल्या चपट्या पेटीतून अगदी बारीक लहरी निघत, अंगावर आपटून परत येत. माणसाचं हृदय ठोका देतं तेव्हा त्याची छाती केसभर हलते. तेवढ्या हलण्यानं परत आलेल्या लहरीत फरक पडे, आणि यंत्र तो टिपे. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांचे ठोके कधी एका तालात पडत नाहीत, त्यामुळे गर्दीतही ते वेगळे काढता येत. पिशवीतली कोंबडी, टोपलीतलं करडू यांचे ठोके निराळे, ते यंत्र सोडून देई; बिल्ला लावलेल्या वाहकालाही ते मोजत नसे. कोण बसलंय ते त्याला कळत नसे. किती बसलेत तेवढं कळे.

कलमाचं शेपूट असं: एखाद्या मार्गावर सलग नव्वद दिवस, प्रत्येक थांब्यावर, वाहकाची मोजणी आणि यंत्राची मोजणी जुळली, तर त्या मार्गाला वाहकातून सूट. मधे एकदा जरी फरक पडला तरी त्याच दिवशी चौकशी. यंत्र चुकलं असेल तर नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून. वाहक चुकला असेल तर सूट लगेच लागू. आणि फरकाचं कारण प्रत्येक थांब्यावरच्या पाटीवर झळकणार, कारण लोकांना ते कळायचा हक्क आहे.

म्हणजे शैलजा जितकं नीट मोजेल, तितकी ती लवकर गाडीतून उतरणार.

“एक डोकं चुकीव की,” आगारातला मुजावर म्हणायचा. वीस वर्षं तो गाडी चालवायचा आणि ती घंटा द्यायची. चालकांची गरज संपल्यावर त्याला पडद्यांच्या खोलीत बसवलं होतं. भिंतभर आकडे बघत तो दिवसभर चहा प्यायचा. “यंत्र चुकलं असं दाखवता न्हाई येत तुला? कुनाला तरी शिटाखाली बशीव. न्हाईतर म्हातारपनी येशील हितं माज्याशेजारी, आकडं बघत.”

“रउफभाई, मापात खोट नको.”

“माप कसलं? मानसं हैत ती.”

“म्हणूनच नको.”

तरी तिला झोंबायचं. आंबेघोळहून सव्वासातला गाडी सुटे, तेव्हा पुढच्या फळीवर ती डबे लावून ठेवी. तालुक्याला शिकायला राहिलेल्या पोरांचे डबे. कुठला डबा कॉलेजच्या फाटकाशी द्यायचा, कुठला होस्टेलवर, कुठल्यात आज सणाचं म्हणून दोन पोळ्या जास्त आहेत, हे तिला ठाऊक असे. एखादी आई एकट्या पोराला गाडीत चढवून म्हणे, “शैलाक्का, याला मामाच्या दारात उतरवा,” आणि निर्धास्त घरी जाई. हे कलमात कुठं लिहिलेलं नव्हतं. तिला या रस्त्यावरच निवृत्त व्हायचं होतं. चार वर्षं उरली होती, तेवढीच काय ती मागणी.

अठ्ठ्याऐंशी दिवस जुळले. एकोणनव्वदाव्या दिवशी सकाळी मुजावरचा निरोप आला: काल संध्याकाळी स्पंदमध्ये सुधारणा केलीय, कान आणखी तिखट झालेत. मांडीवर झोपलेल्या तान्ह्या लेकरांचे ठोके कधी कधी निसटत होते, ते आता निसटणार नाहीत. नियमाप्रमाणे मांडीवरचं लेकरूही मोजायचंच होतं. शैलजा ते पहिल्यापासून मोजतच होती.

पाटाच्या वाडीला ऋतुजा चढली. आरोग्य केंद्रात नर्स, वय तिशीच्या आतबाहेर. तिच्यामागे तिची सासू छायाकाकू, बाजाराच्या दोन पिशव्या आणि तोंडाचा पट्टा घेऊन.

“शैलाक्का, आज माजी बी सीट धरा बाई पुढं. सूनबाईला तुमी रोज नऊ नंबर देतायसा, माझ्यावर काय राग हाय व्हय?”

“तुम्ही दहावर बसा, काकू. भांडायला सोपं.”

गाडी हसली. नऊ नंबरची सीट दोन्ही चाकांच्या बरोबर मधे, तिथं हादरे सगळ्यांत कमी. गेले दोन महिने ती सीट शैलजा आपला डबा ठेवून अडवून धरी, आणि ऋतुजा चढली की काही न बोलता डबा उचलून घेई. ऋतुजानंही कधी विचारलं नव्हतं. तीन वर्षांत दोनदा तिचं पोट दिसू लागण्याआधीच रिकामं झालं होतं. दोन्ही वेळेस छायाकाकूंनी आनंदाच्या भरात गावभर साखर वाटली होती, आणि दोन्ही वेळेस नंतर वाडीतल्या बायका समजूत घालायला घरी आल्या होत्या. त्या बायका आल्या की ऋतुजा मागच्या दारानं गोठ्यात जाऊन बसायची, हे शैलजाला ऐकून ठाऊक होतं.

दार मिटलं. शैलजा मागं गेली. “लाभ, दोन, तीन...” पुढं येईपर्यंत सत्तावीस. हातातल्या यंत्रावर तिनं सत्तावीस दाबलं. दारावरच्या पाटीवर स्पंदचा आकडा उमटला. अठ्ठावीस.

लाल दिवा.

तिनं पुन्हा मोजलं. सत्तावीस.

“खाली वाकून बगा रं, कोन लपलंय काय!” हिंदुराव तात्या ओरडले. चार जण बाकाखाली वाकले. एक चप्पल आणि एक लिंबू निघालं. छायाकाकू उठून बोटं नाचवत स्वतः मोजू लागल्या आणि म्हणाल्या, “मला तर सव्वीसच लागत्यात!”

“काकू, सोताला मोजलं न्हाईसा,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसून हसून लोळायचे राहिले.

शैलजा हसली नाही. तिची नजर एकेका माणसावरून फिरत नऊ नंबरवर आली. ऋतुजानं पर्स पोटाशी धरली होती. चेहरा पांढराफटक. नर्सच ती, यंत्र काय ऐकतं ते तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. तिनं शैलजाकडे पाहिलं आणि मान अगदी जराशी, नाही म्हणून, हलवली.

कान तिखट झाले होते तर. तान्ह्या लेकराचे ठोके ऐकायला निघालेल्या यंत्रानं आणखी आतलेही ऐकले होते.

यंत्र चुकलं होतं! एकोणनव्वदाव्या दिवशी! शैलजाच्या छातीत असं काही उसळलं की स्पंदला ते नक्की ऐकू गेलं असेल. नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून, आणि यंत्र असंच तिखट कानानं मोजत राहिलं तर चार वर्षं कशीही निघतील. फक्त कारण सांगायचं. एक शब्द. मग तो शब्द आंबेघोळपासून तालुक्यापर्यंत सात पाट्यांवर झळकेल, आणि दहा नंबरच्या सीटवरच्या छायाकाकू वाटेत उतरून साखर घ्यायला दुकानात शिरतील.

तिनं फरकाची नोंद केली आणि दोन घंटा दिल्या. गाडी निघाली.

तालुक्याला सगळे उतरले. छायाकाकू पिशव्या सावरत पुढं गेल्यावर ऋतुजा दारात क्षणभर थांबली. “आक्का, पाच महिने भरायला अजून सोळा दिवस आहेत.”

“सावकाश उतर. पायरी ओली आहे.”

दुपारी आगारात चौकशी. तपासणीला आलेले फडतरे साहेब चाळिशीचे, बोलायला मऊ. त्यांनी आधीच शैलजाची एकतीस वर्षांची नोंद वाचली होती. साक्षीला हिंदुराव तात्या स्वतःहून आले होते.

“साहेब, माझ्या पिशवीत कोंबडी हुती.”

“तात्या, कोंबडीचा ठोका यंत्र ओळखतं. मिनिटाला तीनशेच्या घरात.”

“म्हातारी हुती ओ कोंबडी. हळू पडत आसंल.”

फडतरे हसू दाबत म्हणाले, “आणि आता ती कुठं आहे?”

“खाल्ली.”

“सकाळच्या गाडीतली कोंबडी दुपारी एकला खाऊन झाली?”

“भूक लागली हुती,” तात्या म्हणाले आणि टोपी काढून बसून राहिले.

तात्यांना बाहेर बसवून फडतऱ्यांनी कागद पुढं ओढला. “भोपळेबाई, खरं सांगू का, तुम्ही चुकला असाल हे मला पटत नाही. यंत्रानं जास्तीचा एक ठोका कुठून ऐकला, एवढं जर तुम्ही दाखवून दिलंत, तर मी आत्ता इथं यंत्राची चूक म्हणून सही करतो. काही लक्षात आलं होतं का तुमच्या?”

शैलजाच्या जिभेवर तो शब्द अगदी तयार होता.

तिला वडील आठवले. खळ्यावर माप भरलं की ते वर हात फिरवून सारखं करायचे, एक दाणा इकडचा तिकडं होऊ द्यायचे नाहीत. पण ज्या घरात बाळंतीण असे, त्या घरचं शेवटचं माप ते सपाट करत नसत. शिगोशीग तसंच ओतायचे. लहान शैलजानं एकदा विचारलं होतं, “आबा, हे जास्त झालं की.” वडील म्हणाले होते, “झालं असंल. तू बोलू नको.”

“नाही साहेब,” ती म्हणाली. “सकाळची घाई होती. माझंच चुकलं.”

फडतऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी लिहिलं: वाहकाची चूक. तिनं खाली सही केली.

बाहेर मुजावर वाट बघत उभा होता. “चुकलीस? तू?”

“माणूस आहे. चुकले.”

“झूट. वीस वर्सं तुझ्या घंटेवर गाडी हाणली मी. तू खोटं बोलतीस. कशापायी ते कळंना, येवढंच.” आणि रागारागानं तो आत गेला. पण संध्याकाळी त्यानं आपल्या टेबलाशेजारी दुसरं टेबल लावून ठेवलं होतं, आणि त्यावर तिच्यासाठी कप.

सात थांब्यांवरच्या पाट्यांवर दोन दिवस ‘वाहकाची चूक’ असं झळकलं. आंबेघोळच्या बायकांनी त्या पाटीवर टॉवेल वाळत घातला.

दुसऱ्याच दिवसापासून सूट लागू झाली. गाडी आता स्वतःच घंटा वाजवायची. डबे फळीवर ठेवले जात आणि कधी कधी उतरायचे राहून जात. एकदा सहा डबे तालुका बघून जसेच्या तसे आंबेघोळला परत आले, आणि होस्टेलवरच्या पोरांनी पडद्यांच्या खोलीत फोन करून मुजावरला भंडावून सोडलं. शैलजा भिंतीवरचे आकडे बघायची. पाटाच्या वाडीनंतर आकडा एकानं जास्त उडी मारायचा. ते ओळखणारं आता कुणी नव्हतं, तिच्याशिवाय. तो जास्तीचा एक रोज सकाळी वेळेवर पडद्यावर दिसला की ती म्हणायची, “ओत रे रउफभाई, चहा.” मुजावरला वाटायचं, बाई इथं रुळली. तशी ती थोडी रुळलीही होती.

सतराव्या दिवशी हिंदुराव तात्यांकडून बातमी आली: छायाकाकू साखर वाटत फिरताहेत. पुढं ऋतुजा रजेवर गेली, आकडा सारखा झाला, आणि शैलजा रोज सकाळी थोडी काळजीत चहा पिऊ लागली.

एका बुधवारी पडद्यांच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. पुढं छायाकाकू, मागं ऋतुजा, तिच्या हातात कुंची घातलेलं गाठोडं. त्यांच्यामागं फडतरे साहेब, त्यांना बहुधा जिन्यातच पकडून आणलं होतं.

“सव्वा महिना झाला कालच,” ऋतुजा म्हणाली. “पहिल्यांदा घराबाहेर पडले ती इथंच आले. साहेब, फेरतपासणीचा अर्ज एक वर्षापर्यंत देता येतो ना?”

“येतो, पण कशाची?”

“त्या दिवशीच्या मोजणीची. तुमच्या यंत्रानं अठ्ठावीस मोजले, त्यातली अठ्ठाविसावी ही. तेव्हा पोटात होती. दवाखान्याचे कागद तारखांसकट आणलेत.”

मुजावरचा कप अर्ध्यात थांबला. त्यानं हळूच शैलजाकडे पाहिलं आणि ‘हां’ एवढंच म्हणाला.

फडतरे कागद चाळत होते. “भोपळेबाई, तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं?”

“होतं.”

“मग सांगितलं का नाहीत? तुमची गाडी राहिली असती.”

“ते सांगायचं काम माझं नव्हतं, साहेब.”

“आनि मला बी न्हाई सांगितलं कुनी!” छायाकाकूंनी पदर खोचला. “शेजारी बसलोती मी, धा नंबरला! बगा की!” मग गाठोड्यावरची कुंची सारखी करता करता त्यांचा आवाज उतरला. “बरंच केलंसा म्हना. मला कळलं असतं तर मी काय गप बसनार हुती? वाडीला पोचायच्या आत साखर वाटून मोकळी झाली असती.”

फडतऱ्यांनी पंधरा दिवसांत निकाल दिला. यंत्राची चूक. आंबेघोळ मार्गाची सूट रद्द, वाहक पूर्ववत, नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून. पाट्यांवर आलं तेव्हा छायाकाकूंनी सातही थांब्यांवर पेढे पाठवले.

यंत्रही दुरुस्त झालं. ते सांगायला फडतरे स्वतः आगारात आले. “पोटातलं बाळ श्वास घेत नाही. म्हणून स्पंद आता ठोक्याबरोबर श्वासही बघेल. ज्या ठोक्यामागे स्वतःचा श्वास नाही, तो सोडून देईल.”

“म्हणजे गप्प बसायला शिकवलंत त्याला,” शैलजा म्हणाली. “चांगलं केलंत.”

“आता मात्र ते चुकेल असं वाटत नाही हो. नव्वद दिवसांनी...”

“नव्वद दिवस पुष्कळ झाले, साहेब. आधी उद्याचा बघू.”

दुसऱ्या दिवशी सव्वासातला ती गाडीत चढली. बिल्ला लावला, फळीवर डबे लावले, कुठला कुणाचा ते आयांनी सांगण्याआधीच ओळखले. तात्या मागच्या बाकावर मिशांना पीळ देऊन तयार बसले होते, मोजायला घ्या म्हणून. पाटाच्या वाडीला ऋतुजा लेकीला घेऊन चढली, लस टोचायला निघाली होती. नऊ नंबरवरचा आपला डबा शैलजानं उचलला.

दार मिटलं. शैलजा मागं गेलीच नाही. नऊ नंबरपाशी थांबून तिनं कुंचीवर अलगद बोट टेकवलं.

“लाभ,” ती म्हणाली.

“अरं!” मागून तात्यांचा आवाज आला. “एकतीस वर्सांचा मान गेला की माझा!”

“तुम्ही दोन, तात्या. रुसू नका.” आणि तिथून ती मोजत राहिली, तीन, चार, पाच, शेवटच्या माणसापर्यंत. हातातल्या यंत्रावर तिनं एकोणतीस दाबलं. दारावरच्या पाटीवर एकोणतीस उमटले.

हिरवा दिवा लागला. तिनं हात वर केला आणि दोन घंटा दिल्या.